जुन्या रेडिओचे दप्तर

मुंबई शहराच्या औद्योगिक इतिहासात कापडगिरण्यांना, गोद्यांना आणि रेल्वेच्या कारखान्यांना जे स्थान मिळाले, त्याचा शतांशही ज्याच्या वाट्याला आला नाही असा एक व्यवसाय म्हणजे रेडिओदुरुस्तीचा. लॅमिंग्टन रोडवरील जिन्यांखालच्या चिंचोळ्या गाळ्यांत, पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, आणि तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकाजवळच्या एखाद्या टपरीत ज्यांनी आयुष्यभर सोल्डरच्या धुरात दिवस काढले, त्या कारागिरांची नावे गॅझेटियरमध्ये सापडत नाहीत. त्यांच्या हिशेबाच्या वह्या रद्दीत गेल्या. आणि त्यांनी ज्या वस्तू जिवंत राखल्या त्याही बहुतांशी भंगाराच्या तराजूतून तांबे, ॲल्युमिनियम आणि जळाऊ लाकूड या तीन सदरांखाली नाहीशा झाल्या. अशा स्थितीत मोडीत निघालेला एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ शोधून आणून, तो घरातल्या टेबलावर उघडून, महिनोन्‌महिने खपून पुन्हा बोलता करणाऱ्या हौशी मंडळींचा जो वर्ग आज महाराष्ट्राच्या शहरांतून आढळतो, त्याच्या उद्योगाचे महत्त्व मला केवळ करमणुकीपुरते वाटत नाही. संचाच्या मागची पुठ्ठ्याची झडप काढली की जो पत्र्याचा सांगाडा दृष्टीस पडतो, ते या व्यवसायाचे शिल्लक उरलेले अस्सल दप्तर आहे. आणि दुरुस्ती करणारा मनुष्य, त्याच्या मनात असो वा नसो, त्या दप्तराचा वाचक ठरतो.

हे दप्तर वाचावयाचे तर आरंभ बराच मागे न्यावा लागतो, कारण या देशात ध्वनिक्षेपण प्रथम सरकारने आणले असे नसून ते हौशी आणि उत्साही लोकांच्या खटपटीतून आले. १९२१ च्या ऑगस्टमध्ये टाइम्स ऑफ इंडियाने टपाल व तार खात्याच्या साहाय्याने मुंबईच्या आपल्या कचेरीतून गायनवादनाचा एक कार्यक्रम बिनतारी यंत्राने प्रक्षेपित केला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो घाटापलीकडे पुण्यास बसून ऐकला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९२३ च्या जूनमध्ये, मुंबईच्या रेडिओ क्लबाने आपले प्रक्षेपण सुरू केले. त्या काळी घरी जुळवता येण्याजोगा श्रवणसंच म्हणजे गॅलेनाच्या एका खड्यावर बारीक तारेचे टोक टेकवून, गच्चीवर ताणलेली लांब एरियल व तांब्याच्या तारेचे वेटोळे यांच्या योगाने, कोणत्याही विजेच्या पुरवठ्यावाचून कानाच्या श्रवणकात आवाज उमटवणारा क्रिस्टल सेट होय. खड्यावरचा नेमका संवेदनशील बिंदू सापडेपर्यंत ते टोक पुनःपुन्हा उचलून टेकवावे लागे, आणि मधूनच दार आपटल्याच्या हादऱ्याने तो बिंदू सुटला की सारा शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागे. रेडिओ ऐकणे आणि रेडिओची खटपट करणे या दोन क्रिया त्या पिढीला निरनिराळ्या अशा ठाऊकच नव्हत्या, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॉट होती. श्रोत्याने सालिना १० रुपये भरून परवाना घ्यावा आणि त्या फीच्या मोठ्या हिश्शावर कंपनीने आपला संसार चालवावा, अशी तजवीज होती. परंतु कंपनीच्या साऱ्या हयातीत संपूर्ण देशातील परवान्यांची संख्या ८,००० पर्यंतही पोचली नाही, आणि १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे निघाले. या अपयशाची कारणे अनेक असली, तरी सुटे भाग आणवून घरी संच जुळवणारा आणि परवान्यावाचून ऐकणारा श्रोता हे त्यांतील एक खासच होते. पुढे सरकारने केंद्रे आपल्या ताब्यात घेतल्यावर याच छिद्राचा बंदोबस्त करण्यासाठी १९३३ चा बिनतारी तारायंत्राचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. बिनतारी यंत्र परवान्यावाचून नुसते बाळगणे हाच त्याने गुन्हा ठरवला. तेव्हापासून पुढे अर्धशतकभर घरातील रेडिओबरोबर टपाल कचेरीतून मिळालेली परवान्याची पुस्तिका आली, तिच्यावर दरसाल तिकिटे चिकटवणे आले, आणि मुदत टळली तर निरीक्षकाची धास्तीही आली. जुन्या संचाच्या पोटात, मागच्या झडपेला खोचलेली किंवा तळाशी घडी करून ठेवलेली अशी पुस्तिका आजही कधीमधी सापडते. संचाची बनावट, त्याचा क्रमांक, धन्याचा पत्ता आणि टपाल कचेऱ्यांचे शिक्के यांवरून ते कुटुंब कोणत्या साली कोणत्या गावाहून कोठे बदलून गेले, हे सहज लावता येते. भंगारवाला ही पुस्तिका पहिल्या झटक्यात फेकून देतो, म्हणून संच विकत घेताना त्याच्याबरोबरची प्रत्येक चिठ्ठीचपाटी मागून घ्यावी असे मी आवर्जून सांगतो.

१९ डिसेंबर १९३२ रोजी बीबीसीची एम्पायर सर्व्हिस लघुलहरींवर सुरू झाली आणि हिंदुस्थानात संच घेणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढू लागली. १९३४ च्या अखेरीस परवाने १६,००० च्या वर गेले. ८ जून १९३६ रोजी सरकारी ध्वनिक्षेपणास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले, आणि क्रिस्टल सेटची जागा आता सुपरहेटरोडाइन पद्धतीच्या चार-पाच व्हॉल्व्हच्या संचाने कायमची घेतली. या पद्धतीत कोणत्याही केंद्राची लहर प्रथम संचातल्याच एका दोलकाच्या लहरीत मिसळून ४५५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या एका ठरावीक मध्यम कंपनसंख्येवर आणली जाते आणि मग पुढचे सारे वर्धन त्या एकाच कंपनसंख्येवर होते. त्यामुळे संचाची निवडशक्ती वाढली, परंतु त्याच्या अंतरंगातील मंडले परस्परांशी अचूक जुळलेली असणे हीही गरज झाली, आणि ते जुळवण्याचे शास्त्र अवगत असलेला मनुष्य हा एक नवा कारागीरवर्ग त्यातून उत्पन्न झाला. या पिढीच्या संचांतील ध्वनिवर्धकास कायम चुंबक नसून विजेने चेतवावयाचे तारेचे वेटोळे असे, आणि तेच वेटोळे विजेच्या पुरवठ्यातील गुणगुण गाळून टाकण्याचेही काम करी. असा स्पीकर तुटला म्हणून कोणी नवा चुंबकी स्पीकर बसवला, तर त्याबरोबर चोक किंवा रेझिस्टन्सही घालावा लागतो. तो घातलेला दिसला की पूर्वीचा कारागीर जाणता होता याची खूण पटते.

युद्धकाळाबद्दल लिहिताना एक गोष्ट गाळून चालणार नाही. १९३९ मध्ये युद्ध पेटताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द होऊन त्यांची यंत्रे सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला होता. तरीही तीनच वर्षांनी, 'छोडो भारत'च्या धामधुमीत, मुंबईत काँग्रेस रेडिओ नावाचे गुप्त केंद्र ४२.३४ मीटरवर बोलू लागले. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी हे केंद्र एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवीत चालवत होते, आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी धाड घालून ते पकडले. शिकागो रेडिओ या ध्वनिवर्धकांच्या पेढीचे नानिक मोटवाने यांनाही या प्रकरणात अटक झाली होती. बाजारातल्या सुट्या भागांतून प्रक्षेपक उभा करण्याची विद्या या शहरात आधीच रुजलेली होती म्हणूनच ते धाडस शक्य झाले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या केंद्रावरून बोलणाऱ्यांची कीर्ती योग्य तेवढी झाली आहे, परंतु त्या बोलण्यामागे सोल्डरच्या तुकड्यांचा आणि घरगुती टेबलांचाही एक इतिहास होता हे क्वचितच कोणी सांगते.

युद्ध संपले आणि लष्कराने मागे टाकलेल्या सामानाचा पूर मुंबईच्या बाजारात लोटला. ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्यांचे दूरसंदेशाचे संच, व्हॉल्व्हच्या न उघडलेल्या पेट्या, तेलात बुडवलेले कन्डेन्सर, जाड तारेचे ट्रान्सफॉर्मर आणि मीटर हे सारे लिलावातून चोर बाजारात व लॅमिंग्टन रोडवर आले. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता पुढे डॉ. भडकमकरांच्या नावाचा झाला, तरी धंद्याच्या तोंडी जुनेच नाव राहिले. चित्रपटगृहे आणि चित्रपट-वितरकांच्या कचेऱ्या यांच्या शेजारी तेथे रेडिओच्या सुट्या भागांची बाजारपेठ स्थिरावली. सहा-व्ही-सहा, सहा-एस-के-सात आणि आठशेसात या लष्करी व्हॉल्व्हनी पुढे कित्येक वर्षे नागरी संचांची आणि ध्वनिवर्धकांची निगा राखली. गणेशोत्सवाच्या मंडपातील कर्णे ज्या यंत्रांवर वाजत, त्यांपैकी जुन्या यंत्रांच्या पोटात आजही आठशेसातची जोडी सापडते, आणि श्रावण सरता सरता दुरुस्तीच्या दुकानांपुढे या यंत्रांची रीघ लागे हा शिरस्ता तर आजच्या वयस्कांना चांगला आठवत असेल.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर जे नियंत्रण आले त्याने या व्यवसायास त्याचे खरे रूप दिले. मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही, नॅशनल एको, टेलिराड या नावांचे पुष्कळसे संच आता येथेच जुळवले जात. १९५४ मध्ये बंगलोरास भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि कालांतराने त्याने व्हॉल्व्हही तयार करण्यास आरंभ केला. ओठांवर बोट ठेवलेल्या मर्फीच्या बालकाचे चित्र दिवाणखान्यांतून आणि दुकानांतून लागले, आणि मध्यमवर्गीय घरात भिंतीवरच्या फळीवर, भरतकामाच्या रुमालाखाली, रेडिओला मानाची जागा मिळाली. संचाची किंमत कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी असल्यामुळे तो बिघडला तर टाकून देण्याचा विचारही कोणाच्या मनास शिवत नसे. मात्र हवा तो भाग मिळेलच याची शाश्वती नव्हती. म्हणून जळालेला ट्रान्सफॉर्मर वेढे मोजून पुन्हा गुंडाळावा, फाटलेला स्पीकरचा कोन पातळ कागद आणि खळ यांनी सांधावा, न मिळणाऱ्या व्हॉल्व्हच्या जागी सॉकेट बदलून दुसऱ्या जातीचा बसवावा, अशा युक्त्यांची एक परंपराच तयार झाली. तिचे ग्रंथ झाले नाहीत. ती उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात गेली.

या युक्त्या ओळखण्यासाठी व्हॉल्व्हवरील खुणा वाचता आल्या पाहिजेत. युरोपीय पद्धतीच्या ईसीएच ८१ या नावातील पहिले अक्षर तंतूला ६.३ व्होल्ट लागतात हे सांगते, पुढची दोन अक्षरे एकाच काचेत एक ट्रायोड व एक हेप्टोड आहे हे सांगतात, आणि आकडा नऊ पिनांचा तळ सुचवतो. यूसीएच ८१ असेल तर तंतू १०० मिलिअँपिअरवर चालणारा आणि इतर व्हॉल्व्हच्या तंतूंशी एका साखळीत जोडलेला समजावा. या दुसऱ्या जातीच्या संचात मोठा ट्रान्सफॉर्मर नसतो, तो ए.सी. आणि डी.सी. या दोन्ही पुरवठ्यांवर चाले आणि स्वस्तही पडे. परंतु त्याचा पत्र्याचा सांगाडा थेट विजेच्या एका तारेस जोडलेला असतो, आणि प्लग उलटा बसला तर त्या पत्र्याला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. ईझेड ८० हा दिष्टकारी व्हॉल्व्ह जेथे असावयाचा तेथे बीवाय १२७ जातीचे चिमुकले सिलिकॉन डायोड आणि त्यांच्यासमोर एक तारेचा रेझिस्टन्स दिसला, तर ती दुरुस्ती व्हॉल्व्ह दुर्मिळ झाल्यावरची आहे, आणि डायोडने दाब वाढतो हे जाणून तो रेझिस्टन्स मुद्दाम घातलेला आहे, एवढे त्या इंचभर जागेतून कळते. मध्यम कंपनसंख्येच्या डब्यांतील पेचांवर कारखान्याच्या मेणाची मोहोर अभंग असेल, तर त्या संचाची जुळणी मुळापासून कोणी हलवलेली नाही असा दाखला मिळतो. आणि कन्डेन्सरच्या अंगावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख मिळाली, तर नोंद पक्की होते.

संचाची मागणी आणि त्याच्या दुरुस्तीची तऱ्हा ही हवेतून काय येत आहे यावरही अवलंबून असे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि त्याच वर्षी सिलोनहून बिनाका गीतमाला सुरू झाली. रेडिओ सिलोनचा लघुलहरी प्रक्षेपक मुळात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशियाई सेनाविभागाने युद्धाच्या कामासाठी उभारलेला आणि १०० किलोवॉट शक्तीचा होता; २५ व ४१ मीटरच्या पट्ट्यांवरून येणारा त्याचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युत्‌भारित पट्ट्यावर आदळून महाराष्ट्रात उतरे. तो थर स्थिर नसल्यामुळे आवाज लाटांप्रमाणे चढे व उतरे, आणि हा चढउतार सावरण्यासाठी संचात स्वयंचलित ध्वनिनियंत्रणाचे मंडल असे. त्या मंडलातील एक लहानसा कागदी कन्डेन्सर गळू लागला की गाणे ऐन रंगात येताच बुडून जाई, आणि तक्रार घेऊन आलेले गिऱ्हाईक मात्र संचात दोष नसून सिलोनच बिघडले आहे असे समजे. लघुलहरींवर चांगले चालणारा संच हवा, त्यांच्या पट्ट्या डायलवर फैलावून दिलेल्या हव्यात, जाळीची एरियल खोलीभर ताणलेली हवी, हे आग्रह या काळातले आहेत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाल्यावर ही ओढ काहीशी सैल झाली.

याच्या उलट, २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्राने मध्यम लहरींची प्रतिष्ठा वाढवली. १९५५ च्या रामनवमीस, १ एप्रिल रोजी, ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण तेथून सुरू झाले आणि ५६ गीतांनी वर्षभरात पुरे झाले. त्या वेळी संचास हार घालून उदबत्ती लावून बसणाऱ्या कुटुंबांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रानेच १५० गावांतून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी त्या प्रयोगाचे परीक्षण केले. ज्या गावी वीज पोचली नव्हती तेथील संचांस १.४ व्होल्टच्या तंतूंचे व्हॉल्व्ह आणि ९० व्होल्टची कोरडी बॅटरी लागे. ती बॅटरी महाग, आणि उतरली की दुसरी येईपर्यंत संच मुका. असे बॅटरीचे संच आज घरी दुरुस्त करणारे फार थोडे, कारण तशी बॅटरी बाजारात उरलेली नाही. नऊ-नऊ व्होल्टच्या दहा लहान बॅटऱ्या जोडून किंवा परिवर्तकाच्या साहाय्याने तो दाब उत्पन्न करावा लागतो, आणि तंतू इतका नाजूक की एकदा चुकून जास्त दाब गेला तर व्हॉल्व्ह कायमचा गेला. तरी पण मला स्वतःला हेच संच सर्वांत जतनयोग्य वाटतात, कारण दिवाणखान्यातील संच घराने सांभाळला, चावडीवरचा कोणी सांभाळला नाही.

पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ट्रान्झिस्टर आला, तो खांद्यावर अडकवून शेतावर नेता येई, त्यास तापण्यास वेळ लागत नसे आणि वीज नसली तरी चाले. त्याच्यापाठोपाठ कॅसेट आली, दूरदर्शन आले, आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत श्रवणपरवान्याची पद्धतही बंद झाली. व्हॉल्व्हचे संच माळ्यावर गेले. माळ्यावरून, घर रंगवण्याच्या किंवा चाळ पाडण्याच्या वेळी, ते पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीटवर उतरले.

तेथून घरी आणलेल्या संचाच्या बाबतीत पहिला नियम असा की, कुतूहल कितीही अनावर असले तरी त्याचा प्लग भिंतीत घालू नये. माळ्यावर बरीच वर्षे पडलेल्या संचातील इलेक्ट्रोलिटिक कन्डेन्सरचा अंतःस्तर निकामी झालेला असतो, उंदरांनी तारांचे रबर आणि कॉइलवरचे मेण खाल्लेले असते, आणि आपल्याकडील, विशेषतः कोकणपट्टीच्या, पावसाळी दमटपणाने कागदी कन्डेन्सर ओलावलेले असतात. यांतील सर्वांत घातक तो, जो अखेरच्या ईएल ८४ सारख्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला मागच्या व्हॉल्व्हशी जोडतो. तो किंचित गळला की ग्रिडवर धन दाब चढतो, व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत तापतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळून जातो. दहा-वीस रुपयांच्या भागाने हजारांचे नुकसान होते. म्हणून तो आधी बदलावा, गाळणीचे कन्डेन्सर तपासावेत, उतारवयात किंमत वाढलेले कार्बनचे रेझिस्टन्स मोजावेत, आणि मगच जुन्या मिस्त्रींच्या रिवाजाप्रमाणे ६० किंवा १०० वॉटचा दिवा वाटेत घालून संचास वीज द्यावी. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जाण्यास हरकत नाही. तो भडक जळतच राहिला तर कोठेतरी शॉर्ट होऊन वीज आडवाट काढीत आहे, आणि हात आवरला पाहिजे. हा एक दिवा म्हणजे त्या पिढीचे स्वस्तातले आणि बिनचूक उपकरण होते. संचाचा काटा फिरता ठेवणारी डायलची डोरी किती वेढ्यांनी, कोणत्या कप्पीवरून आणि कोणत्या दिशेने गेली आहे याचे रेखाचित्र ती काढण्यापूर्वीच करून ठेवावे. डायलची काच ओल्या फडक्याने कधीही पुसू नये, कारण लंडन, कोलंबो, दिल्ली, कलकत्ता ही अक्षरे आतल्या बाजूने छापलेली असून ती एका पुसण्यात जातात, आणि गेली की परत येत नाहीत. लाकडी पेटीस बाजारातील चकचकीत रोगण न देता चपडी स्पिरिटात विरघळवून, कापसाच्या बोळ्याने थरावर थर देत केलेले पॉलिशच द्यावे. 

येथवर मतभेद होण्याचे कारण नाही. मतभेद होतो तो पुढे. संच जसा कारखान्यातून निघाला तसा हुबेहूब करावा, मिस्त्रींनी केलेले सारे फेरफार उपटून टाकावेत, जुन्या कन्डेन्सरच्या कागदी नळीतील मसाला काढून तिच्या पोटात नवा कन्डेन्सर लपवावा, म्हणजे उघडून पाहणाऱ्यास काही बदललेले दिसू नये, असा एक संप्रदाय आहे आणि त्याच्या हस्तकौशल्याविषयी मला आदर आहे. परंतु ही पद्धत मला मान्य होत नाही. हा संच वीस-तीस वर्षे बोलता राहिला तो एखाद्या परदेशी कारखान्याच्या नकाशामुळे नव्हे, तर कोणा एका मिस्त्रीने बंगलोरचा व्हॉल्व्ह, लष्करी लिलावातला ट्रान्सफॉर्मर आणि हाताने गुंडाळलेला चोक यांना एकत्र आणले म्हणून. त्याने केलेला फेरफार उपटणे म्हणजे त्याची साक्ष दप्तरातून काढून टाकणे होय. जेथे जिवास धोका आहे, उदाहरणार्थ कुजलेले आवरण असलेली मुख्य तार, तेथे दयामाया न करता बदल करावा. जेथे केवळ रूप जुने दिसत नाही एवढाच आक्षेप आहे, तेथे हात लावू नये. आणि नवा भाग घातला तर तो नवाच दिसू द्यावा. काढलेले भाग एका पिशवीत बांधून पेटीच्या तळाशी ठेवावेत, आणि कोणता भाग, कोणत्या तारखेस, कोणत्या किमतीचा घातला, पुरवठा २३० व्होल्ट असता उच्चदाब किती मोजला, हे एका कागदावर लिहून झडपेच्या आतून चिकटवावे.

दुरुस्त झालेल्या संचावर काय ऐकावे, हाही प्रश्न आहेच. लघुलहरींच्या ज्या पट्ट्यांसाठी हे संच घेतले गेले त्यांवर आज फारसे काही उरलेले नाही; बीबीसीचे हिंदी प्रक्षेपणदेखील ३१ जानेवारी २०२० पासून लघुलहरींवरून थांबले. मध्यम लहरींवर पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ आणि मुंबईचे ५५८ किलोहर्ट्झ ही स्थाने अशा संचाच्या काट्याला परिचित. शिवाय बहुतेक जुन्या संचांच्या मागे ग्रामोफोनचा पिकअप जोडण्यासाठी दोन भोके दिलेली असतात. त्यांत तबकडीयंत्र जोडले की संचाचा मागला भाग, म्हणजे वर्धन आणि ध्वनिवर्धक, आपल्या पूर्ण योग्यतेने काम करतो. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या या मार्गाने ऐकताना आवाजाला जो पोत येतो तो मला अतिशय प्रिय आहे. त्याची कारणे लाकडाच्या पेटीत, मोठ्या कागदी कोनात आणि एकाच शेवटच्या व्हॉल्व्हच्या स्वभावात शोधता येतात.

आता निकडीचे काम कागदावरचे आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत शागिर्द म्हणून बसलेले कारागीर आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि संचांतून न मिळणारी माहिती त्यांच्यापाशी आहे. लष्करी सामानाचे लिलाव कोठे भरत आणि त्यांतील माल कोणत्या व्यापाऱ्यांमार्फत फुटे. ट्रान्सफॉर्मरची तार कोणत्या गावाहून येई. शागिर्दास पहिली सोल्डर करू देण्याआधी किती दिवस नुसती राळ आणि कथील हाताळावयास लावत. परवाना नसलेला संच दुरुस्तीस आला तर दुकानदार काय करी. तालुक्याच्या मिस्त्रीला व्हॉल्व्ह टपालाने येत की तो स्वतः मुंबईस जाई. स्त्रिया या धंद्यात कोठे होत्या, विशेषतः कॉइल गुंडाळण्याच्या कामात. आणि गणेशोत्सवाचा हंगाम संपल्यावर उधारी कशी वसूल होई. घरी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ज्या कोणाला अडलेल्या व्हॉल्व्हसाठी अशा एखाद्या दुकानाची पायरी चढावी लागेल, त्याने व्हॉल्व्हबरोबर हे प्रश्नही विचारावेत आणि मिळालेली उत्तरे तारीखवार उतरवून ठेवावीत.